वोल्फह्राम हे नाव ठेवू नकोस

मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस

वोल्फहार्ट,

तुला मुलगा झाल्याचं मीठवाल्या एबोने सांगितलं. तीन मुलींनंतरचा मुलगा, धडधाकट, आणि आवाज असा की अंगणातली डुकरं चरायची थांबतात, असं तो म्हणाला. इमाला जप. बार्लीच्या पेजेत मध घालून द्यायला सांग, आणि चाळीस दिवस तरी तिला झऱ्यावर पाणी भरायला पाठवू नका.

तेरा वर्षांतलं हे माझं सातवं पत्र. आधीच्या सहांना तू उत्तर दिलं नाहीस, त्याचा अर्थ मला कळतो. तरी लिहिते. मी लॅटिनमध्ये लिहिणार, पाद्रीबाबा हातो ते आपल्या बोलीत तुला सांगणार, म्हणजे माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा त्यात त्यांचा खोकलाही असेल. असू दे. तू सहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून तुझं डोकं मी धुतलंय. एवढ्या हक्काने एक गोष्ट बोलते.

एबो म्हणाला, "तुमच्या भावाने भर जेवणात, पोर आपलं म्हणायच्या रीतीप्रमाणे, त्याला भुईवरून उचललं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पेन्टेकॉस्टच्या सणाला बाप्तिस्मा, आणि नाव आजोबांचं. वोल्फह्राम."

मी विचारलं, "मग लोक काय म्हणाले?"

"काय म्हणणार? बियर प्यायले. पण ताई, हसलं कुणी नाही."

वोल्फहार्ट, हे नाव ठेवू नकोस.

आपल्या घरात प्रत्येकाच्या नावात वोल्फ, म्हणजे लांडगा, आहे. तुझ्या नावात आहे, माझ्यात आहे, बाबांच्यात होता. तो राहू दे. पण बाबांच्या नावात लांडग्याच्या जोडीला ह्राम होता, डोमकावळा. हे दोन प्राणी एका ठिकाणी कधी येतात ते तुलाही ठाऊक आहे. लढाई संपल्यावर येतात. मारल्या गेलेल्या माणसाचं नाव नातवाला दिलं की ते नुसतं नाव राहत नाही. लान नदीच्या दोन्ही तीरांवर त्याचा एकच अर्थ लावतात: हिशेब घ्यायला माणूस जन्माला आला. पाळण्यातल्या पोराला तू हे ओझं देणार का?

वोल्फबर्ट ठेव. वोल्फगांग ठेव. इमाच्या माहेरची नावंही चांगली आहेत.

इतकंच. दुसरं काही कारण नाही.

तुझी बहीण
वोल्फरून

---

उपवासकाळाचा पहिला शुक्रवार

वोल्फहार्ट,

एबोने तुझं उत्तर आणलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मीच म्हटलं, जसंच्या तसं सांग. तेव्हा म्हणाला, "ते म्हणाले, जिने घर सोडलं तिने घरच्या नावांवर बोलू नये."

आणि बाबांची तलवार तू पाळण्यावर टांगली आहेस, हेही त्याने सांगितलं. दोरी पक्की आहे ना, एवढं एकदा बघून घे.

मी घर सोडलं नाही. मला दिलं. अठरा वर्षांपूर्वी ओकाच्या जंगलात डुकरं कुणी चारायची यावरून दोन्ही घरांची माणसं मेली, तेव्हा भांडण मिटावं म्हणून बाबांनी मला नदीपलीकडे गेर घराण्यात दिलं. त्यांच्या घरी प्रत्येकाच्या नावात गेर आहे. गेर म्हणजे भाला. माझा नवरा गेरमुंड. धाकटा दीर गेरबोल्ड, ज्याने पुढे बाबांना नदीच्या उतारावर, घोड्याने पाणी ओलांडतात तिथे, मारलं.

त्याच गेरबोल्डबद्दल सांगायचं आहे. गेल्या आठवड्यात तो लोकर विकायला बाजारात आला होता. एबोही तिथे होता. कुणीतरी त्याला म्हणालं, पलीकडे म्हातारा वोल्फह्राम परत जन्मतोय म्हणे. गेरबोल्डने लोकरीचा गठ्ठा खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "मग त्याला परत मारावं लागेल. तो मोठा होईपर्यंत थांबलो तर लोक मला आळशी म्हणतील."

एबोला वाटलं, ही थट्टा. मी त्या घरात पाच वर्षं राहिले आहे. तो मोठ्याने बोलतो तेव्हा भिऊ नये. हळू बोलला की भ्यावं.

आता तुला एक गोष्ट सांगते. ती आपल्या घरात बायकांनीच बायकांना सांगायची अशी रीत होती. हाडविग आत्याने मला माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी चरबीचे दिवे ओतता ओतता सांगितली.

वोल्फह्राम हे नाव पहिल्यांदा कुणाला ठेवलं, हे तुम्ही पुरुष कसं सांगता मला पाठ आहे. पणजोबांच्या आजोबांनी इतके शत्रू मारले की लांडगे आणि डोमकावळे तृप्त झाले, म्हणून. आत्या म्हणाली, खोटं आहे. नदीपलीकडच्यांशी झालेली लढाई आपण हरलो होतो. आपली माणसं पडली होती. तिसऱ्या दिवशी बायका आपापले मृत शोधायला गेल्या, तर प्रेतांच्या मध्ये, एका मेलेल्या बाईच्या शालीत एक मूल जिवंत होतं. भोवती लांडग्यांची पावलं, शालीवर कावळ्यांची विष्ठा, पण मुलाला ओरखडा नाही. ते कुणाचं, आपलं की शत्रूचं, हेही कळायला मार्ग नव्हता. आपल्या घरातल्या बाईने ते उचललं आणि ज्यांनी त्याला खाल्लं नाही त्यांचंच नाव ठेवलं. दोघांचे आभार मानायचे म्हणून, आणि दोघांनी पुन्हा येऊ नये म्हणूनही.

आपलं अख्खं घराणं त्या मुलाचं. म्हणजे आपण लांडगेच आहोत की भाले, हेसुद्धा देवालाच माहीत.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, दुसरं काही कारण नाही. ते खोटं होतं. कारण आहे. त्याचं नाव तू तेरा वर्षांत घेतलं नाहीस, म्हणून मीही लिहिलं नाही. माझा मुलगा गेरुल्फ. नवरा तापाने गेल्यावर त्यांनी मला मठात पाठवलं आणि त्याला ठेवून घेतलं. आता तो सतरा वर्षांचा असेल. तुमचं वैर पेटलं की भाला धरून पुढे त्यालाच उभं करतील. आणि तुमच्या बाजूने, आज नाही तर पंधरा वर्षांनी, तुझा मुलगा उभा राहील. तुझा भाचा आणि तुझा मुलगा.

हे तू ऐकत असशील तर इमालाही ऐकव.

वोल्फरून

---

झावळ्यांच्या रविवारचा आदला दिवस

पाद्रीबाबा हातो, हे पत्र कृपा करून माझ्या भावाला एकट्याला, बंद दाराआड वाचून दाखवा. जेवणाच्या पंक्तीत नको.

वोल्फहार्ट,

परवा दुपारी दाराशी बसणारी म्हातारी धर्मभगिनी विणकामाच्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाहेर लाल केसांचा एक लांबडा पोरगा आलाय. म्हणतो, माझी आई इथे आहे." माझ्या हातातला धोटा कुठे पडला मला आठवत नाही.

तो दारातल्या बाकावर बसला होता. बाबांसारखे गुडघे. मला बघून उठला.

"वोल्फरून तुम्हीच?"

"हो."

"मग आई म्हणायचं का?"

"तुला वाटलं तर."

त्याने जरा विचार केला. "आधी काही खायला मिळेल? मग बघू."

उपवासाचे दिवस, म्हणून घेवडा आणि राईची भाकरीच होती. तो खाली मान घालून खात राहिला. मी त्याचे हात बघत बसले. चार वर्षांचा सोडला होता, सहा वर्षांचा होईपर्यंत सणाला चर्चमध्ये लांबून दिसायचा. मग भाकरीच्या तुकड्याने वाटी पुसत म्हणाला,

"काका म्हणतात, माझ्या नावाला शेपूट आहे. लांडग्याचं. ते छाटायचं."

"आणि उरतं काय?"

"गेर. नुसता भाला. काका म्हणतात, भाल्याला फक्त कुठे जायचं एवढं कळलं की पुरे." त्याने वर पाहिलं. "हे नाव कुणी ठेवलं?"

"मी. तुझ्या वडिलांनी हो म्हटलं."

"कशाला?"

"तुला हाक मारताना त्या घरातल्या लोकांना रोज आमचंही नाव घ्यावं लागावं, म्हणून. घेऊन घेऊन सवय होईल असं वाटलं होतं."

तो हसला. चांगलं हसतो. "झाली नाही," म्हणाला.

मग त्याने सांगितलं. पेन्टेकॉस्टच्या दिवशी तुम्ही सगळे बाप्तिस्म्याला जाल, हत्यारं चर्चबाहेर ठेवाल, परतताना बायकामुलं बरोबर असतील. बीचच्या जंगलात वाट अरुंद होते तिथे गेरबोल्ड बारा माणसं घेऊन थांबणार आहे. पहिला वार गेरुल्फने करायचा. कुणावर, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.

मी म्हटलं, "हे मला का सांगतोयस?"

"तुम्ही कुणाला तरी सांगाल म्हणून," तो म्हणाला. "मला दुसरं कुणी माहीत नाही."

वोल्फहार्ट, हे ऐकून मला जे झालं ते समजायला तुला एक गोष्ट कळली पाहिजे. तुला संशय आहेच. तेरा वर्षं तू त्या संशयापोटीच गप्प आहेस. आज सांगते.

बाबांना मारणार आहेत, हे मला माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी मी खड्ड्यातल्या मागाच्या खोपटात बसले होते. बाहेर, जमिनीशी टेकलेल्या छताला लागून गेरबोल्ड आणि त्याची दोन माणसं बोलत होती. उद्या म्हातारा नातवाला बघायला येतोय, मधाचं गाडगं घेऊन, बरोबर एकच गडी. उतारावर पाण्यात शिरला की घोडा हळू होतो. मी बाहेर आले तर गेरबोल्ड तिथेच उभा, कडेवर गेरुल्फ. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलंय हे त्याला कळलं. तो पोराला थोडं वर उडवून झेलत म्हणाला, "वहिनी, पोरगं किती जड झालंय. एखाद्या दिवशी हातातून सुटेल."

हळू आवाजात.

माझी दासी तुमच्या गावची होती. तिला पाठवलं असतं तर पहाटेच्या आत निरोप पोचला असता. मी पाठवलं नाही. ती रात्र मी गेरुल्फला पोटाशी धरून बसून काढली आणि सकाळी बाबांचा घोडा एकटा आला.

आता तोच डाव पुन्हा माझ्यासमोर आहे. मी बोलले नाही तर तुझं घर जाईल. मी बोलले आणि तू त्या जंगलात आधीच तीस माणसं दडवलीस, तर पुढे उभा असलेला पहिला माझा मुलगा असेल. या वेळी मी बोलले. आता त्याचा जीव तुझ्या हातात आहे.

एकच वाट मला दिसते, आणि मठातल्या मोठ्या आईंनाही ती पटते. बाप्तिस्मा पेन्टेकॉस्टला नको, त्याच्या सात आठवडे आधी, पुनरुत्थानाच्या सणालाच उरकून घे. तेव्हा गेरबोल्ड राजाच्या सैन्याबरोबर सॅक्सनांच्या हद्दीवर असेल. आणि मुलाला पाण्यातून उचलायला धर्मपिता म्हणून गेरुल्फला उभं कर. एकदा त्याने तुझं मूल पाण्यातून उचललं की दोन्ही घरं नात्यात आली. त्यानंतर गेरबोल्डने तुमच्यावर हात उचलला तर तो स्वतःच्या कुळावर उचलल्यासारखा होईल, आणि असल्या कामाला त्याचे बारा सोड, दोन माणसंही त्याला मिळणार नाहीत.

नाव तुला हवं तेच ठेव. आता मी अडवत नाही.

फक्त कळव. हो किंवा नाही.

वोल्फरून

---

पवित्र गुरुवार, दुपार

वोल्फहार्ट,

उत्तर आलं नाही. एबो चिखलात अडकला असेल, पाद्रीबाबा आजारी असतील, किंवा तू पत्र ऐकून उठून गेला असशील. तिसरंच खरं असावं, अशी भीती आहे.

गेरुल्फ इतके दिवस मठाच्या पाहुण्यांच्या खोलीत होता, आज सकाळी तुमच्याकडे निघाला. मी म्हटलं, उत्तर येईपर्यंत थांब. तो म्हणाला, "उत्तराची वाट बघत थांबलो तर काका परत येतील." भाला आणि सुरी त्याने मोठ्या आईंच्या पायाशी ठेवली. मी त्याला अडवलं नाही. अडवता आलं असतं की नाही, तेही मला सांगता येत नाही. ही चिठ्ठी एका गवळ्याबरोबर पाठवते आहे. तो त्याच्या आधी पोचेल की नंतर, माहीत नाही.

तो पायी येतोय. लाल केस, करड्या लोकरीचा अंगरखा, उजव्या पायाने किंचित लंगडतो. लहानपणी पडला होता म्हणे, मला माहीत नव्हतं. तुमचे कुत्रे बांधून ठेवा. बाणवाल्यांना सांगून ठेव.

तुला सूड हवा असेल तर तो इतक्या सोप्या रीतीने तुझ्या दारात चालत येतोय. तुला हे कळतंय हे मला कळतं. तू तेव्हा सतरा वर्षांचा होतास. उताराच्या पाण्यातून बाबांना तूच बाहेर काढलंस. तोही सतराच वर्षांचा आहे.

इमा, तुझ्यापर्यंत हे पोचलं तर दारात तू उभी राहा.

व.

---

पुनरुत्थानानंतरचा नववा दिवस

वोल्फहार्ट,

बारा दिवस मी जेवले की नाही, मला विचारू नकोस. मोठ्या आईंनी मला प्रार्थनेतून सूट दिली, कारण स्तोत्र म्हणताना मी मधेच थांबून दाराकडे बघायची.

आज एबो आला. दारात उभा राहून त्याने टोपी काढली. माणसं टोपी कधी काढतात ते मला माहीत आहे. मी खाली बसले. तो घाबरून म्हणाला, "नाही नाही, ताई, डोकं खाजतंय म्हणून काढली."

मग त्याने सगळं सांगितलं. तू तिथेच होतास, पण मला ते लिहायचं आहे.

पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारी, बाप्तिस्म्यासाठी, तुम्ही चर्चच्या पायरीवर होतात. तुझ्याबरोबर सहा माणसं, हत्यारं अजून अंगावर. गेरुल्फ रस्त्याने एकटा चालत आला. तुमच्यातल्या एकाने बाण लावला, तू त्याला थांब म्हणालास, पण बाण खाली कर म्हणाला नाहीस. गेरुल्फने अंगरखा काढून जमिनीवर टाकला आणि सदऱ्यावर उभा राहिला. अंगावर हत्यार नाही हे दिसावं म्हणून, असं एबो म्हणाला.

तू विचारलंस, "नाव?"

"गेरुल्फ."

"अर्थ माहीत आहे का?"

"भाला आणि लांडगा," तो म्हणाला. "भाला ठेवून आलोय, मामा."

तू जागचा हलला नाहीस. एबो म्हणतो, इतका वेळ गेला की त्याचं गाढव कंटाळून चालू लागलं. तू त्या पोराच्या गुडघ्यांकडे बघत होतास. मग इमा तुझ्या मागून पुढे आली, तुला बाजूला सारलं असं नाही, तुझ्या शेजारून निघून गेली, आणि बाळ त्याच्या हातात दिलं. त्याला मूल धरता येत नव्हतं. ती म्हणाली, "मान सांभाळ. हाताखाली घे. असं."

आणि तू तलवार काढून पायरीवर ठेवलीस आणि आत गेलास. बाकीचे सहा तुझ्या मागे.

पाण्यापाशी पाद्रीबाबांनी नाव विचारलं. धर्मपित्याने सांगायचं असतं. तो वोल्फह्राम म्हणाला, आणि गेर घराण्यातल्या माणसाच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा कुणाला आशीर्वाद द्यायला निघालं. बाळ चर्च दणाणून रडलं म्हणे. तिथे मात्र लोक हसले.

गेरुल्फ तुझ्याकडेच राहिलाय, आणि तू त्याला तबेल्यात नाही, मुख्य घरात झोपायला जागा दिलीस, हे मी एबोला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

तू पाठवलेला प्रश्न एबोने शेवटी सांगितला. "ताईला विचार, दासी पाठवली असती तर बाबा वाचले असते का?"

हो, वोल्फहार्ट. वाचले असते.

वोल्फरून

---

पेन्टेकॉस्टनंतरचा तिसरा दिवस

वोल्फहार्ट,

गेरबोल्ड परत आल्याचं तुला कळलं असेलच. त्याने गेरुल्फला घराबाहेर काढलं, त्याच्या वाट्याची जमीन घेतली, त्याचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगितलं. पण पेन्टेकॉस्टच्या दिवशी त्याने माणसं गोळा करून पाहिली तर चौघेच आले, आणि त्यातला एक म्हणाला, "धन्याच्या पुतण्याने ज्या पोराला पाण्यातून उचललं त्याच्यावर मी वार करणार नाही. माझ्या आईला काय सांगू?" मग ते बियर पिऊन घरी गेले. एबो हे सांगताना फार खूश होता. मी नाही. गेरबोल्ड हल्ली कुणाशीच मोठ्याने बोलत नाही, असंही तो म्हणाला.

तुझा निरोप मिळाला. पाद्रीबाबांनी स्वतः लिहून पाठवला, म्हणून शब्द तुझेच असतील. "क्षमा करता येत नाही. प्रयत्न केला. पण पोरगं रांगायला लागलं की तुला दाखवायला घेऊन येईन, गेरुल्फही येईल म्हणतो."

मी क्षमा मागितली नव्हती. मागायला तोंड नव्हतं. तू येतो म्हणालास, हे मी मागितलं नव्हतं, तरी घेतलं.

मोठ्या आईंनी बाहेरच्या खोलीत तुम्हाला जेवायची परवानगी दिली आहे. पावट्याची उसळ आणि मीठ लावलेलं डुकराचं मांस करू. गेरुल्फला किती लागतं ते मला माहीत आहे.

एक ऐक. जंगलातली वाट जवळची आहे, तरी तिने येऊ नका. नदीकाठाने या. लांब पडेल, पण तिथून दुरूनच सगळं दिसतं. दिवसाउजेडी निघा, इमाला मध्ये ठेवा, आणि निघायच्या आधी तू कुणालाही, अगदी घरच्या गड्यालासुद्धा, कुठे जाताय ते सांगू नकोस.

वोल्फरून